व्हिलेज ग्रीनचा अर्ज आणि वीस वर्षांचा पुरावा: माझा अनुभव

इंग्लंडमध्ये आम्ही राहतो त्या वस्तीमागे एक खासगी मालकीचे कुरण आहे. ते विकले जाणार अशी कुणकुण लागली, तेव्हा आम्ही शेजाऱ्यांनी २००६ च्या कॉमन्स कायद्याच्या कलम १५ खाली त्याची ‘व्हिलेज ग्रीन’, म्हणजे स्थानिकांच्या खेळ-विरंगुळ्यासाठी राखली जाणारी मोकळी जागा, म्हणून नोंदणी मागितली. घाई करणे भाग होते; कारण २०१३ पासून इंग्लंडमध्ये त्या जमिनीवरील बांधकामाच्या परवानगीचा अर्ज जाहीर झाला की हा मार्ग बंद होतो.

फॉर्म ४४ भरून झाला. पुरावा जमवायला मात्र कित्येक महिने लागले. परिसरातील बऱ्याच रहिवाशांनी किमान वीस वर्षे तेथे खेळ व विरंगुळा केला, आणि तोही बळजबरीने, लपूनछपून किंवा परवानगी घेऊन नव्हे, हे दाखवावे लागते. शेवटच्या अटीने मी चक्रावलो, कारण मालकाला विचारून जाणे हा माझ्या लेखी सभ्यपणा, आणि येथे तोच दाव्याच्या मुळावर येतो. एका आजींनी ‘मालकाने कधी अडवले नाही’ असे लिहिले होते, त्यालाच विरोधी वकिलांनी परवानगी ठरवू पाहिले. आमच्या बाजूने सनिंगवेल प्रकरणातील १९९९ चा निकाल होता: मालकाने खपवून घेणे म्हणजे परवानगी देणे नव्हे. जमीन नगरपालिकेने खेळासाठीच राखलेली असती, तर व्हिटबीच्या मैदानाबाबत २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवल्याप्रमाणे, लोक तेथे कायदेशीर हक्कानेच जातात म्हणून आमचा दावा टिकला नसता.

चौकशी एका बॅरिस्टरपुढे गावच्या सभागृहात झाली. ‘कुत्र्याला फिरवताना तुम्ही कडेच्या पायवाटेनेच जात होता ना?’ असे मला विचारले गेले आणि मी, खरे तेच, ‘बहुतेक वेळा’ असे सांगितले. पायवाटेने चालण्यातून फार तर वहिवाटीचा रस्ता सिद्ध होतो, संपूर्ण कुरणाचा वापर नव्हे, हे मला ठाऊक होते. तरीही माझ्याच साक्षीचे वजन माझ्याच तोंडून कमी झाले, याचे वाईट वाटले. पतंग, बर्फावरची घसरगुंडी आणि मुलांचे क्रिकेट यांची जुनी छायाचित्रे मात्र कामी आली. त्यांतील जवळपास सर्व ओढ्याकडच्या उताराची होती.

अखेर तेवढाच उतार नोंदवहीत चढला. वरच्या सपाट भागाला आता कुंपण आहे, आणि आमचा कुत्रा सवयीने अजूनही त्याच कुंपणाशी जाऊन थांबतो.