तळं का समुद्र? आधी वारं बघा

नांदेडच्या माणसाला विंडसर्फिंगचं, म्हणजे शीड लावलेल्या बोर्डावर उभं राहून वाऱ्याच्या जोरावर पाण्यावरून जायचं, याड लागलं की पहिला टोमणा ठरलेला, "आरं पण समुद्र कुठंय तुज्याकडं?" खरंय, मराठवाड्यात आठ जिल्हे आणि एकालाबी किनारा नाही. आता परभणीचा एक मित्र शिकायचं म्हणतोय आणि त्याचं रोज एकच, गोव्याला जाऊ का हैदराबादला, म्हणजे समुद्रावर का तळ्यावर. फोनवर सांगून सांगून घसा बसला म्हणून एकदाच लिहून टाकतो.

तर मित्रा, हे आपण ठरवायचं नसतंच, महिना ठरवतो. जून ते ऑगस्ट समुद्राचं नाव काढू नको. वारा तिकडं तेव्हा जबरदस्त असतो पण समुद्र खवळलेला, १ जूनपासून मासेमारी बंद, गोव्यात बीचवर लाल झेंडे, बोर्ड भाड्यानं देणारे शेडला कुलूप लावून घरी. आणि नेमक्या ह्याच महिन्यांत तोच पावसाळी वारा सह्याद्रीत पाणी सांडून मोकळा होतो नि सुसाट आपल्याकडं येतो. शेतकऱ्याच्या पोराला हे वारं काय असतं ते सांगायला नको, पेरणी झालेली असते, ढग येतात, वाऱ्यावर बसून तसेच पुढं निघून जातात आणि बाप बांधावर उभा राहून वर बघत शिव्या देतो. बालाघाटावर पवनचक्क्या उगं नाही उभ्या केलेल्या. पण तळ्यावर हेच वारं म्हणजे सोनं. हैदराबादला हुसेनसागरवर शिडाच्या होड्यांच्या स्पर्धा भर पावसाळ्यात घेतात ते उगं नाही.

हिवाळ्या-उन्हाळ्यात सगळं उलटं. आपल्याकडचं पाणी आरशासारखं पडून असतं, आणि दुष्काळी साल असलं तर तेबी नसतं, २०१६ ला मांजरा आटून लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं होतं, तिथं कुठं शीड लावता. किनाऱ्यावर मात्र दुपारी जमीन तापली की समुद्राकडून वारा सुटतो. मार्च-एप्रिलमध्ये जेवून जरा आडवं व्हायचं, उठून बघायचं, पाण्यावर बारक्या बारक्या सुरकुत्या दिसायला लागल्या की निघायचं.

"मग आपला नाथसागर का नको?" हे तर सगळेच विचारतात. ५५ किलोमीटर लांब पाणी, जुलैत पैठणला धरणाच्या भिंतीवर उभं राहिलं तर पांढरे फेस आलेल्या लाटा दिसतात, पोटात कालवतं अक्षरशः. पण ते १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे, मनाला आलं नि बोर्ड टाकला असं चालत नाही, चालूबी नये. त्यात मच्छीमारांची जाळी, बोर्डखालचं फिन म्हणजे पातं त्यात अडकलं की तुम्हीबी मासाच. नांदेडच्या विष्णुपुरी धरणाचं म्हणाल तर ते आमच्या प्यायचं पाणी आहे, विषय संपला.

आता माझ्यावर काय बेतलं ते सांगतो. गोव्यात पहिल्यांदा गेलो तेव्हा हैदराबादला जेमतेम आठ दिवस शिकलेलो, पण स्वतःला लई भारी समजायचो. सकाळी आठला उठून बघतो तर समुद्र एकदम शांत, मंद वारा, म्हटलं हे तर तळंच झालं. बोर्डावर चढलो, शीड उचललं, मस्त चाललो. दहा मिनिटांनी मागं बघितलं तर नारळाची झाडं काडेपेटीतल्या काड्यांएवढी. सकाळचा वारा जमिनीकडून समुद्राकडं वाहतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणजे सांगितलं असेल, मी ऐकलं नसेल. वळता येईना, शीड पाण्यात पडलं की परत उचलायला दोरी ओढून ओढून हाताला फोड. शेवटी एका मासेमारी होडीवाल्यानं ओढून आणलं, पैसे घेतले नाहीत, फक्त कोकणीत काहीतरी म्हणाला, समजलं नाही ते बरंच झालं.

हुसेनसागरवर हीच चूक मी चार वेळा केलीय आणि चारही वेळा टँक बंडला, म्हणजे तळ्याच्या रस्ता असलेल्या बांधाला, जाऊन लागलो. पावसाळ्यात वारा पश्चिमेचा, टँक बंड पूर्वेला, म्हणजे हरलात की वारा स्वतःच काठावर नेऊन सोडतो. वर रस्त्यावर ट्रॅफिक थांबवून लोक बघतात, तळ्याच्या मधोमध बुद्धाचा पुतळा आहे, तर मका खात खात एक जण म्हणाला, "क्या भाई, बुद्धा से मिलने निकले थे क्या?" लाज जाते, जीव जात नाही. म्हणून नवशिक्यानं तळंच घ्यावं असं माझं मत, आणि तेबी ज्याच्या पलीकडच्या काठावर उतरता येतं असं.

तळ्याचे पण नखरे आहेत. आजूबाजूला इमारती असल्या की वारा सरळ येत नाही, झटक्यानं येतो, आता आहे तर आता गायब, तुम्ही मागं रेलून उभे असता आणि एकदम पाठीवर पाण्यात. हुसेनसागरचं पाणी तर विचारूच नको, हिरवं नि वास मारणारं, पडताना तोंड बंद ठेवायचं हा पहिला धडा. समुद्रावर वारा एकसारखा येतो पण वाळू नि मीठ जीव घेतात, मास्टच्या म्हणजे शिडाच्या खांबाच्या दोन तुकड्यांमध्ये वाळू गेली तर दोघं जण दोन्हीकडून ओढूनबी निघत नाहीत. वर भरती-ओहोटीचं गणित वेगळंच.

आकडा एकच ध्यानात ठेव. सुरुवातीला ८ ते १२ नॉट वारा पुरे, म्हणजे ताशी १५ ते २२ किलोमीटर, बोर्ड दोनशे लिटरच्या आसपासचा मोठा नि शीड छोटं. वाऱ्याच्या ॲपवर १८ नॉट दिसले तर काठावर बसून चहा पी.

मी ह्या जुलैत परत हैदराबादला चाललोय. आमच्यासाठी मुंबईपेक्षा तेच जवळ. मागच्या जुलैत तिथं असताना बाबांचा फोन आला होता.

"वारं हाय का तिकडं?"

"लई हाय बाबा."

"हितंबी," ते म्हणाले, आणि जरा वेळ दोघंबी गप्प.