अंगठ्याचा ब्रेक

मॅसॅच्युसेट्समध्ये राहायला आल्यापासून रविवारच्या जुन्या बाजारात रमायची खोड लागली आहे. मागच्या उन्हाळ्यात तिथून मासेमारीचं एक जुनं रीळ उचललं. बाजू काळ्या कडक रबराच्या, कडा जर्मन सिल्व्हरच्या. नाव सिल्व्हर, पण आत चांदी गुंजभरही नाही. तांबं, जस्त आणि निकेल. बायकोने हँडल गरगरा फिरवलं आणि म्हणाली, "ही तर पतंगाची फिरकी!"

फार काही चुकली नाही.

स्ट्राइप्ड बास हा इथला लाडका मासा. डोक्याकडून शेपटीकडे गेलेल्या सात-आठ काळ्या रेघा. लाट फुटते त्या फेसातच हा चरायला येतो, म्हणून तो किनाऱ्यावरून गरवता येतो. एके काळी इतका मिळायचा की लोक शेतात खत म्हणून घालत. 1639 मध्ये इथल्या इंग्रज वसाहतीला कायदा करून ते थांबवावं लागलं.

पुढे श्रीमंतांना त्याचा नाद लागला. 1864 मध्ये न्यूयॉर्कच्या शेठ लोकांनी इथल्याच किनाऱ्याजवळच्या कटीहंक बेटावर मासेमारीचा क्लब काढला. खडकांत लोखंडी कांबी रोवून समुद्रावर फळ्यांची मचाणं बांधली. कोणी कोणत्या मचाणावर बसायचं, याच्या चिठ्ठ्या आदल्या दिवशीच निघत. मासा जवळ यावा म्हणून पगारी माणूस लॉब्स्टरचे तुकडे पाण्यात फेकायचा. (आजचा भाव बघता मासा राहू दे, आमिषच वाढा, असं म्हणावंसं वाटतं.)

त्या काळच्या गळकाठ्यांचा बांबू पुष्कळदा आपल्याकडचा, 'कलकत्ता' याच नावाने तिकडे विकला जाणारा. आणि दोरा लिननचा, म्हणजे अळशीच्या वाखाचा. हा दोरा भिजला की जास्त मजबूत होतो आणि भिजलेलाच ठेवला की कुजतो. त्यामुळे दिवसभर मासे मारून आल्यावर तो लाकडी चरख्यावर सोडून वाळवायचा. आपल्याकडे कुरडयांचं असतं तसं रोजचं वाळवण! नायलॉन आलं आणि ते संपलं.

माझ्या रिळावरचा दोरा तर हात लावताच तुटला. नवा नायलॉनचा गुंडाळून पहाटे किनाऱ्यावर गेलो. या रिळाला ब्रेक नाही. गळ फेकला किंवा मासा पळाला की हँडल उलटं भिरभिरतं. त्याला आवरायला आपला अंगठा, तोही चामड्याच्या टोपणात. अशा रिळांना इथले लोक 'नकल-बस्टर' म्हणतात, म्हणजे बोटांची पेरं फोडणारं. नाव आधीच ठाऊक होतं. तरी पहिल्याच फेकीला हँडल पेरांवर असं बसलं की लहानपणी मांजाने कापलेली सगळी बोटं एकदम आठवली. मासा दूरच राहिला, दोऱ्याचा मात्र झकास गुंता झाला.

घरी आल्यावर बायकोने काही न विचारता चिकटपट्टी पुढे केली. आता रविवारी बाजारात चामड्याचं टोपण शोधतोय.