हॉलमधली चार रोपं : मे ते जुलैची वही

माझ्याकडे चार बोन्साय आहेत, म्हणजे कुंडीत मुद्दाम छोटी ठेवलेली झाडं: नांदरुक, उंबर, बारीक पानांचं कार्मोना आणि जेड. मागच्या नोंदीत मी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं, 'चारही रोपं मजेत.' त्यानंतर पंधरा दिवसांत नांदरुकाने पानं टाकायला सुरुवात केली. मजेत फक्त जेड आहे. त्याच्याकडे मी आठ-आठ दिवस बघत नाही, म्हणून असेल.

नांदरुक दोन वर्षांचा, फांदी लावून केलेला. मे महिन्यात आम्ही कोकणात जाणार होतो, म्हणून बाल्कनीतून उचलून हॉलमधल्या शोकेसवर ठेवला. उन्हात करपण्यापेक्षा बरं, असा हिशेब. परत आल्यावर आतल्या बाजूची, जुनी पानं पिवळी पडून गळायला लागली. मी काय करावं? तहानलाय म्हणून रोज पाणी, वर अशक्त दिसतोय म्हणून द्रवखत. चौथ्या दिवशी हिरवी पानंही गळाली.

मग जळून उरलेली अगरबत्तीची काडी कुंडीत तळापर्यंत खुपसून दहा मिनिटांनी काढली. काळी, ओली, आणि वास गटारासारखा. वरची माती मात्र कोरडी ठणठणीत! माझं मातीचं मिश्रण चुकलं होतं. पाणी धरून ठेवणारं कोकोपीट (नारळाचा भुसा) जास्त, विटेचे तुकडे कमी. मोबाइलच्या लक्स मीटरने उजेड मोजला तर शोकेसवर ३०० लक्स दिसले, पूर्वेच्या खिडकीत सहा हजारांच्या आसपास. म्हणजे आधी उजेड गेला, मग झाडाचं पाणी पिणं कमी झालं, आणि मी नेमका तेव्हाच तांब्या उपडा करत होते. जागा बदलली की फायकस मंडळी (वड, उंबर, नांदरुक यांचं कूळ) पानं टाकतातच, ते एकवेळ सावरलं असतं. मुळं कुजवली ती मी.

खत बंद केलं. खिडकीत ठेवलं. काडी जवळपास कोरडी निघाली तरच पाणी. कुंडी बदलायचा मोह आवरला, कारण आधीच तीन गोष्टी बदलल्या होत्या, चौथीही बदलली की कशाने गुण आला ते अजिबातच कळत नाही. तीन आठवड्यांनी टोकांना लालसर कोंब दिसले.

उंबराचं पिवळेपण वेगळं होतं, हे कळायला मला उशीर लागला. तिथे जुनी पानं हिरवीगार, आणि नवीन फुटलेली पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. झाडाला नत्र कमी पडलं तर ते जुन्या पानांतलं काढून कोवळ्यांना पुरवतं, म्हणून आधी खालची पानं पिवळी होतात. लोह असं सहज हलवता येत नाही, त्यामुळे त्याची टंचाई शेंड्याला दिसते. पण मातीत लोह घातलेलं होतं की! मग अडलं कुठे?

सासूबाई म्हणाल्या, "अगं, टँकरच्या पाण्यात तूरडाळ शिजत नाही, तुझं झाड काय तग धरणार?" खरंच, मेभर सोसायटीत टँकर येत होता, बोअरचं जड, क्षारांचं पाणी. कुंडीच्या काठावर क्षारांचा पांढरा थर होताच, मी त्याला बुरशी समजत होते. अशा पाण्याने माती अल्कधर्मी होते आणि असलेलं लोहही मुळांना घेता येत नाही. जूनमध्ये पाऊस आल्यावर गच्चीवर बादल्या लावल्या, त्याच पाण्याने कुंडी दोनदा भरपूर धुतली, तळातून धो धो वाहू दिली. नंतर थोडं चिलेटेड लोह, म्हणजे मुळांना घेता येईल अशा रूपात बांधलेलं. त्यातला साधा ईडीटीए प्रकार अल्कधर्मी मातीत टिकत नाही, ईडीडीएचए प्रकार मागून घ्या. त्यानंतरची पानं हिरवी आली. (उंबराच्या पानांवर गाठी आल्या तर लगेच घाबरू नका, एका बारक्या किडीमुळे त्या रस्त्यावरच्या उंबरांवरही असतात.)

कार्मोनाने मला चक्क मूर्ख बनवलं. पानांवर पांढरे ठिपके पाहून दोन संध्याकाळी साबणाच्या पाण्याने, कापसाने एकेक पान पुसलं. ठिपके हलेनात. भिंग लावलं तर प्रत्येक पानावर तसेच, नखानेही न निघणारे. या झाडाची पानं मुळातच अशी असतात! खरी कीड पानांखाली होती. देठाशी तपकिरी फुगीर खवले, आणि टेबलाच्या काचेवर त्या किडीने टाकलेले चिकट थेंब. मुंग्या तर त्या थेंबांसाठीच आठवडाभर ये-जा करत होत्या, त्यांचा माग काढला असता तर इतकं पुसावं लागलं नसतं. जुन्या टूथब्रशने खवले काढले आणि संध्याकाळी कडुनिंबाचं तेल फवारलं, आठवड्यातून एकदा, असं तीन आठवडे. पिल्लं उशिरा निघतात, म्हणून एकदा मारून भागत नाही.

सध्या नांदरुकावर नवी पानं २३. डावीकडची एक फांदी मात्र गेली. नखाने खरवडली तर आत तपकिरी, चीकही येत नाही. तिचं जिन करावं, म्हणजे साल सोलून वाळकं लाकूड शोभेसाठी तसंच ठेवावं, असं मनात आलं होतं, पण नांदरुकाचं लाकूड कुजतं, टिकणार नाही. पावसाने दोन दिवस उघडीप दिली की कापणार आहे.