जन्मसाल १९७१: सेको ६११९ कुठवर आलं

माझ्या जन्मसालात, १९७१ मध्ये बनलेलं जपानी सेको कंपनीचं, ६११९ मशीनचं घड्याळ मी शोधत होते. मिळालं, चालतंय. ओरिजिनल आहे का, याचं उत्तर सध्या "बरंचसं" एवढंच देता येईल. त्यातलं काय पटलं आणि काय अजून खटकतंय, ते लिहून ठेवते.

जन्मसालाच्या घड्याळाला सेकोच का, असं नवे लोक विचारतात. कारण सेको स्वतःच सांगतं. मागच्या झाकणावर सहा आकडी नंबर असतो. त्यातला पहिला आकडा सालाचा शेवटचा आकडा, दुसरा महिन्याचा. ऑक्टोबरला शून्य, नोव्हेंबरला एन, डिसेंबरला डी. मी ऑगस्ट १९७१ ची, म्हणजे मला हवा '१८' ने सुरू होणारा नंबर. सिटिझनमध्येही पहिला आकडा सालाचा, पण महिन्याला पुढची दोन घरं. ओमेगाचा नंबर मशीनवर असतो, तो कोष्टकाशी ताडून सालाचा अंदाज बांधायचा. त्यात महिना विसराच. आणि ओमेगाचा भाव ऐकून मी सालही विसरायला तयार झाले.

गोम आहे ती दशकाची. १ म्हणजे १९७१ की १९८१ की १९९१? नंबर गप्प बसतो, बोलतं ते कॅलिबर, म्हणजे आतल्या मशीनचा मॉडेल क्रमांक. ७००९ हे मशीनच १९७६ च्या आसपास आलं, त्यामुळे ७००९ च्या झाकणावरचा १ म्हणजे १९७१ असूच शकत नाही. तरी "१९७१ ची सेको ५" (सेको ५ ही त्यांची एक मालिका) म्हणून ७००९ सर्रास विकायला असतात, आणि विकणारा शपथेवर सांगतो. ६११९ साठच्या दशकाच्या अखेरीस आलं आणि सत्तरच्या दशकातच संपलं. तिथे १ म्हणजे १९७१ च, वादच नाही. म्हणून माझा शोध ६११९ वर येऊन थांबला: २१ ज्वेल (घर्षण कमी करणारे खडे), ऑटोमॅटिक, वार-तारीख एकाच खिडकीत, चावी (वेळ लावायची बाजूची कळ) चारच्या आकड्याशी.

१९६९ ला जन्मलेल्या एका मित्राचा घोळ जास्त मजेचा आहे. त्याला ६१३९ क्रोनोग्राफ (स्टॉपवॉच असलेलं घड्याळ) हवंय, स्कायलॅब या अंतराळस्थानकावर अंतराळवीर विल्यम पोग यांच्या हातात होतं ते. ते कॅलिबर १९६९ मध्ये आलं आणि जवळजवळ सगळं सत्तरचं दशक चाललं, त्यामुळे ९ आकडा १९६९ आणि १९७९ दोन्हीकडे बसतो. तिथे उपयोगी पडतो झाकणावरचा एक शब्द. १९७० च्या सुमारास सेकोने 'वॉटरप्रूफ' लिहिणं बंद करून 'वॉटर रेझिस्ट' लिहायला सुरुवात केली. म्हणजे ९ आणि वॉटरप्रूफ असं दोन्ही दिसलं, तर मित्राने पाकीट काढावं. माझ्या १९७१ ला 'रेझिस्ट'च हवं, आणि तसंच आहे.

बायकांचं घड्याळ का नाही घेतलं, असंही विचारून झालंय. त्या काळच्या लेडीज घड्याळांची मशीनं चिमुकली; दुरुस्त करणारे मोजके आणि पार्ट त्याहून मोजके. शिवाय माझं मनगट काही नाजूक नाही. सत्तरीतलं जेन्ट्स घड्याळ आजच्या मापाने मध्यमच दिसतं.

आता मुंबई स्पेशल. या छंदात जगभर मुंबईचं नाव झालंय ते या कारणाने, त्यामुळे आपण तरी डोळे उघडे ठेवायला हवेत. जुनी सेको किंवा एचएमटी घ्यायची, डायल घासून भडक रंगात नवं रंगवायचं, केस (घड्याळाची धातूची बॉडी) बफ मारून साबणाच्या वडीसारखी गुळगुळीत करायची, आतलं मशीन हाताला लागेल ते. फोटोत सुंदर दिसतं. मला या कारागिरांचा राग नाही. बंद पडलेलं घड्याळ चालू करून देणं हे पोटाचं काम आहे. राग आहे तो त्यालाच "अनटच्ड ओरिजिनल" म्हणून विकणाऱ्यांचा. ओळखायचं कसं? सहाच्या आकड्याखाली, डायलच्या अगदी कडेला, बारीक अक्षरांची ओळ असते: जपान, कॅलिबर आणि डायलचा कोड. खऱ्या डायलवर ती इतकी बारीक असते की भिंगाशिवाय वाचता येत नाही, पण भिंगाखाली अक्षरांची कड स्वच्छ दिसते. रंगवलेल्या डायलवर ती ओळ नसते तरी, किंवा जाडजूड, पसरलेली असते. डायलचा कोड आणि झाकणावरचा केसचा कोड सारखेच हवेत असं नाही, पण कॅलिबरचे पहिले चार आकडे जुळलेच पाहिजेत. मी पाहिलेल्या एका घड्याळात झाकण ६११९, डायल ७००९ आणि विकणारा ठाम.

माझं घड्याळ पुण्यातल्या जुन्या बाजारात मिळालं नाही. तिथे बुधवार-रविवार चकरा मारून चपला झिजवल्या, हाती एक चांगली एचएमटी लागली, ती वेगळी गोष्ट. हे आलं एका ओळखीच्या संग्राहकाकडून, अदलाबदलीत. झाकणावर ६११९, खाली '१६'. जून १९७१. म्हणजे माझ्यापेक्षा दोन महिन्यांनी मोठं. '१८' साठी थांबावं का, यावर घरी चर्चा झाली नाही कारण घरी कोणाला सांगितलं नव्हतं. घेऊन टाकलं.

नंतर घड्याळवाल्या काकांकडे नेलं. त्यांनी आट्यांचं झाकण पान्याने फिरवलं. ते एकदा करकरलं आणि सुटलं. रबर रिंग डांबरासारखी चिकट होऊन खाचेत बसली होती. काका म्हणाले, "ताई, रिंग अशी बसलीय म्हणजे हे बरीच वर्षं कोणी उघडलेलं नाही. आजकालच्या जोडलेल्या घड्याळात रिंग एकतर नवी नाहीतर गायब." झाकणाच्या आतल्या बाजूला, दिव्याखाली तिरकं धरल्यावर, सुईने कोरलेलं दिसलं: ७-८-८३, आणि बाजूला एक खूण, अक्षर की सही ते कळेना. ज्याने तेव्हा मशीन साफ केलं त्याची ती नोंद. काकांनीही त्याच्याखाली आपली तारीख कोरली. मी मनाई करणार होते, पण त्यांचा हात आधीच चालला होता. आणि नीट विचार केला तर तीच रीत आहे.

रोटरवर (हात हलला की आत फिरणारं वजन) २१ ज्वेल आणि ६११९ छापलेलं आहे. रोटर उचलल्यावर खाली मॅजिक लिव्हर दिसते. चिमट्यासारखी दोन टोकांची ती पट्टी दातेरी चाकाला आळीपाळीने ओढते आणि ढकलते, म्हणून रोटर कुठल्याही बाजूला फिरला तरी चावी भरतेच. सेकोने ती १९५९ मध्ये आणली आणि तीच कल्पना आजतागायत वापरात आहे. हे मशीन हाताने चावी देऊन भरता येत नाही. घालायचं किंवा हलवायचं. बंद पडलंय असं समजून घाबरून फोन करणाऱ्यांनी आधी ते थोडं हलवून पाहावं.

आता जे खटकतंय ते. मशीनवर कॅलिबर असतं, साल नसतं. म्हणजे '१६' हा जन्मदाखला फक्त झाकणाचा. डायलचा कोड ६११९ चाच, अक्षरं स्वच्छ, '५' चं चिन्ह रंगवलेलं नाही, वर बसवलेलं आहे. काट्यांवरचा आणि डायलवरचा चमकपट्टा (अंधारात चमकणारा रंग) सारखाच पिवळट झालाय. इतपत सगळं एका सुरात आहे. केसच्या कडा मात्र मऊ वाटतात, कधीतरी पॉलिश झालंय. काच नक्की बदललेली आहे, कारण ती कडेला किंचित उंच बसलीय. आणि वाराच्या चकतीवर वार इंग्रजी आणि जपानी अशा दोन्ही लिपींत आहेत. म्हणजे हे घड्याळ जपानातच विकलेलं असावं, किंवा चकती तिकडच्या घड्याळातून आलेली. पहिलं खरं मानायला मला आवडेल, पण आवडणं हा पुरावा नाही.

साफसफाई आणि ऑइलिंगआधी घड्याळ दिवसाला साधारण ५० सेकंद पुढे जात होतं. आता डायल वर ठेवून १२ सेकंद, चावी खाली ठेवून थोडं मागे. तासाला २१,६०० ठोक्यांचं आणि पन्नाशी उलटलेलं मशीन, मी याहून जास्त मागणार नाही. काकांना आणखी जवळ आणायचं होतं, मी थांबवलं.

चावी अर्धी दाबली की तारीख पुढे जाते, पूर्ण दाबली की वार. तारीख पटकन जाते. वार दोनदा दाबल्यावर एकदा. काका म्हणतात पार्टसाठी एखादं मेलेलं ६११९ आणून द्या. ते शोधतेय, झाकण कुठल्याही सालाचं चालेल. बरी जुनी काच मिळाली तर तीही, मात्र ओरखडे असलेली चालेल, नवी चकचकीत नको. पट्ट्यासाठी लगमधलं (पट्टा अडकवायच्या टोकांमधलं) अंतर मोजलं, १८ मिमी आहे. स्टीलचा मूळ पट्टा कोणाकडे जादा असेल तर माझ्याकडची एचएमटी बदल्यात द्यायला मी तयार आहे.