तुळशीच्या कुंडीखालची नोट

रविवार, रात्र

पन्नासची ती नोट अजून टेबलावरच आहे. चार घड्या घातलेली, एका कडेला ओल्या मातीचा डाग पडलेली. सकाळी तुळशीला पाणी घालताना कुंडीखालून तिचा कोपरा दिसला, तेव्हा आधी वाटले की माझ्याच हातून कधी पडली असेल. मग आठवले, की काल संध्याकाळी हीच नोट मी शेजारच्या निनादच्या मुठीत कोंबली होती.

महालक्ष्म्या तोंडावर आल्या, पावसाने मागच्या अंगणात गाजरगवत कमरेइतके माजले आणि माळी पंधरा दिवसांपासून गावी जाऊन बसला, म्हणून मी निनादला हाक मारली, यात माझे काही चुकले असे मला अजूनही वाटत नाही. 2017 पासून स्वच्छतेत देशात पहिला नंबर मिरवणाऱ्या इंदुरात, त्यातही लोकमान्य नगरात, जिथे शेजारीण कुंपणावरून आधी अंगण पाहते आणि मग तब्येत विचारते, तिथे असे रान ठेवून सणाला बायका बोलवायच्या कशा? शिवाय पंधरा वर्षांचा मुलगा आहे, हातपाय चालवलेले बरे. त्याने गवत मुळासकट उपटले, गच्चीच्या पाइपाला वेढलेली मधुमालती सोडवली, नालीच्या तोंडाशी कुजलेला पाला तगाऱ्या भरभरून फाटकापाशी नेला, आणि न सांगता शेवटी झाडूही मारला. साडेतीनला आलेला मुलगा सव्वासहाला निघाला. मी रव्याचा लाडू दिला, पन्नास रुपये दिले. तो "राहू द्या ना आजी" असे काहीसे पुटपुटला, आणि मी "ठेव रे, खाऊला" म्हणून त्याची मूठ मिटली.

त्याला नको होते तर नको म्हणायचे होते. कुंडीखाली ठेवून जायचे म्हणजे काय?

सकाळपासून मी माझी वकिली करते आहे. गेली दोन वर्षे या मुलाला बीजगणित शिकवते, त्याचा एक पैसा कधी घेतला नाही. पुरण घातले की पहिली वाटी त्यांच्याकडे जाते. त्याची आजी आजारी होती तेव्हाच्या रात्री तर मी बोलूनही दाखवलेल्या नाहीत. ती असती तर आज मी हे तिच्याशीच बोलले असते. असो. या वयात एका मुलाने आपले पैसे परत करावेत आणि आपण दिवसभर त्यावर कुढत बसावे, इतके माझे जग आता लहान झाले आहे का, असेही वाटून गेले. पण मुद्दा तो नाही. मुद्दा असा, की ती नोट पाहताच मला लाज वाटली, राग त्यानंतर आला.

बत्तीस वर्षे मी वर्गात काळ-काम-वेगाची गणिते घातली. "2 माणसे किंवा 3 मुले एक काम 12 दिवसांत करतात," या वाक्याने सुरू होणारी गणिते मी किती मुलांकडून घोटून घेतली असतील, आणि मूल म्हणजे माणसाचा दोन-तृतीयांश, हे मी फळ्यावर खडूने लिहीत आले, ते कुणी ठरवले असे एकाही मुलाने विचारले नाही, मलाही सुचले नाही. आज दुपारी त्याच हिशेबाने वहीत मांडून पाहिले. माळी एवढ्याच कामाचे चारशे घेतो, तेही अर्धा वेळ मोबाईल कानाला लावून. दोन-तृतीयांश म्हणजे दोनशे सहासष्ट. मी दिले पन्नास. म्हणजे माझ्या अंगणात आठ मुले मिळून एक माणूस होतो. इतके कंजूष गणित कुठल्याही पाठ्यपुस्तकात नव्हते.

ह्यांच्या कपाटातली कामगार कायद्याची पुस्तके मग खाली काढली. 1948 च्या किमान वेतन कायद्यानेही प्रौढ, किशोर आणि बालक यांचे दर वेगळे ठरवण्याची मुभा सरकारला दिली होती, तेव्हा मी एकटीच अशी नाही, याचे क्षणभर बरे वाटले. बालकामगारांचा कायदा 1986 चा. त्यात 2016 मध्ये बदल झाला. चौदाच्या आतल्यांना घरच्यांच्या मदतीसारखे काही अपवाद सोडता कामाला लावायचे नाही, चौदा ते अठरांना धोक्याच्या कामावर घ्यायचे नाही. सलग तीन तासांनंतर तासाभराची विश्रांती, संध्याकाळी सातनंतर काम नाही. म्हणजे दोन्हींतून मी थोडक्यात सुटले. अर्थात हे तास दुकाने-कारखान्यांसाठी लिहिलेले आहेत, आजीच्या अंगणासाठी नव्हेत. तिथे आजी म्हणेल तोच दर.

सकाळी टेक्सासहून नातवाचा फोन आला होता, तेव्हा त्याला सहज विचारले होते. तो उन्हाळ्यात शेजाऱ्यांची लॉन कापतो. तिकडे केंद्राचे किमान वेतन 2009 पासून तासाला सव्वासात डॉलरवरच अडले आहे, आणि विशीच्या आतल्या नव्या नोकराला पहिले नव्वद दिवस सव्वाचार दिले तरी चालतात, असे त्याच्या बापाने मागून सांगितले. म्हणजे तिथेही मूल ते मूलच. पण नातवाला तासाशी देणेघेणे नव्हते. "आजी, मी आधी लॉन बघतो, पेट्रोल धरतो, भाव सांगतो. त्यांनी हो म्हटलं की मगच मशीन सुरू करतो." इतके सरळ बोलला की मला हसू आले, आणि हसू ओसरल्यावर घशाशी काहीतरी अडकले.

कारण मी निनादला भाव विचारलाच नव्हता. विचारला तर त्याला नोकर केल्यासारखे होईल, तो तर घरचा मुलगा, असे मी मनाशी म्हटले होते. माळ्याशी मी फाटकातच घासाघीस करते. घरच्या मुलाशी करावी लागत नाही. द्यायचे तेवढे द्यायचे आणि वर त्याला खाऊ म्हणायचे.

संध्याकाळी तो नेहमीसारखा वही घेऊन आला. कोपरापासून मनगटापर्यंत दोन्ही हातांवर लाल पुरळ उठले होते. गाजरगवताने खाज येते हे मला माहीत होते, आणि ह्यांचे बागेचे हातमोजे खालच्याच फळीवर पडून होते. खोबरेल लावून दिले. टेबलावरची नोट त्याने पाहिली आणि वही उघडली. ती काल कुंडीखाली का ठेवली, हे मी विचारले नाही.

"पुढच्या रविवारी पुढचं अंगण करायचंय," मी म्हटले. "तासाचे किती घेशील?"

तो पेन्सिल चावत बराच वेळ गप्प बसला. मी शंभर म्हणाले. तो म्हणाला, ऐंशी; मधुमालती छाटताना दोन चांगल्या फांद्या चुकून तुटल्या, त्या त्याने पाल्याखाली दडवल्या होत्या. मला पत्ताही नव्हता.

"बरं, ऐंशी. मग कालचे पावणेतीन तास, दोनशे वीस झाले," मी पर्स उघडत म्हटले.

"अडीचच धरा, आजी. लाडू खायला पंधरा मिनिटं गेली."