गिरमिट घालून बघितलं तेव्हा चोपण रान कळलं

मिरज तालुक्यात कृष्णाकाठी आमचं अडीच एकराचं रान आहे. मामंजींच्या उमेदीत तिथं ऊस डोक्याच्या वर जायचा. पुढं उपशाचं पाणी आलं, उसाला पाटानं भरून पाणी देणं सुरू झालं आणि वीसेक वर्षांत रान चोपण झालं, म्हणजे मातीत मीठ आणि सोडियम साठून पाण्याचा निचरा थांबला. उन्हाळ्यात वर पांढरं मीठ फुटायचं, पावसाळ्यात पाय काढता यायचा नाही.

दोन वर्षं मी नुसतं जिप्सम टाकत राहिले. जिप्सममधलं कॅल्शियम मातीला धरून बसलेल्या सोडियमला हुसकावतं, पण तो पाण्याबरोबर रानाबाहेर जायला वाट लागते. आमच्याकडे वाटच नव्हती. त्याआधी एका ठेकेदारानं पाणी बाहेर काढायला माती न बघता पाइप पुरले होते, ते गाळानं भरले. पैसे गेल्याचं दुःख होतंच, पण मामंजींना वाटायला लागलं की रान आता गेलंच, ते जास्त लागलं.

मग कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्रात माती घेऊन गेले. पहिलाच प्रश्न आला, "वरची माती आणलीत ताई, खालची कुठाय?"

खालची माती काढायला सहा ठिकाणी गिरमिट, म्हणजे जमिनीत भोक पाडून माती वर काढायचं हत्यार, घातलं. निघेल तशी माती पोत्यावर ओळीनं मांडत गेलो. वर दोन-अडीच फूट काळी. मग चुनखडीचे खडे मिसळलेला राखाडी थर, इतका चिकट की बोटांत मेणासारखा वळायचा. पाच फुटांवर नदीनं कधीकाळी आणून टाकलेली पिवळी बारीक वाळू. गिरमिट वाळूत पोचलं आणि भोकातलं पाणी आमच्या डोळ्यांदेखत वर चढत अडीच फुटांवर येऊन थांबलं. वरच्या अंगाच्या रानांतलं पाणी त्या वाळूतून येत होतं आणि चिकट थराखाली दाबून राहिलं होतं. तेच हळूहळू वर झिरपायचं, उन्हानं उडून जायचं आणि मीठ मागं राहायचं. पूर्वेच्या कोपऱ्यात तो थर नव्हताच, आणि तिथलं पीक कायम बरं का यायचं, ते तेव्हा उलगडलं.

माझी बहीण वेंगुर्ल्याला दिली आहे, समुद्रकाठच्या पुळणीच्या म्हणजे वाळूच्या जमिनीत. तिची विहीर मे महिन्यात मचूळ होते. तिकडं गोडं पाणी हलकं म्हणून खाऱ्यावर तरंगतं. समुद्रपातळीच्या वर १ मीटर गोडं पाणी असेल, तर खाली साधारण ४० मीटरपर्यंत गोडं असतं, म्हणून थोडा उपसा वाढला तरी खारं वर सरकतं. वाळू त्याला लगेच वाट देते, चिकणमाती अडवते. पण चिकणमातीत खारं एकदा शिरलं की धुऊन निघायला फार वेळ लागतो. हे शेवटचं आमच्या रानालाही लागू.

आमच्या माती परीक्षणात सामू (पीएच) ८.८ आला, क्षारता, म्हणजे विरघळलेल्या मिठाचं माप, ६.२. क्षारता ४ च्या वर आणि सामू ८.५ च्या वर गेला की मीठ आणि सोडियम ही दोन्ही दुखणी धरायची. पाणी बाहेर काढायच्या पाइपांचा आराखडा थरांप्रमाणे झाला: पूर्वेला पाइपांत ९० फूट अंतर, पश्चिमेला ५०. पाइप ८० मिलिमीटरचे, भोकांचे, वर गाळणीचं कापड, चार फूट खोल. पाणी ओढ्याला न्यायचं तर शेजारच्या आबांच्या बांधाखालून जावं लागणार होतं. ते आधी नको म्हणाले. त्यांच्या रानात गिरमिट घातलं, तोच राखाडी थर निघाला, आणि तेही सामील झाले.

मे महिन्यात चर खोदून पाइप पुरले. जुलैत पाइपाच्या तोंडातून चहासारखं पाणी आलं. जिभेवर थेंब घेतला, चांगलंच खारट. तेव्हापासून दर रविवारी क्षारता मोजायचं मीटर घेऊन जाते. दुसऱ्या पावसाळ्यात धैंचा हे हिरवळीच्या खताचं पीक गाडलं. आता पूर्वेकडची क्षारता ४ च्या खाली आली आहे.

पश्चिमेला, थर सगळ्यात जाड आहे तिथं, यंदा परत गिरमिट घातलं. भोकातलं पाणी आता साडेतीन फुटांवर थांबतं.