पाणी कुठवर आलं? ४१ परीक्षणांचा हिशेब

मागच्या जूनमध्ये ठरवलं होतं, वर्षभर दर शुक्रवारी एका सिनेमाचं परीक्षण, म्हणजे ५२. झाली ४१. बुडालेल्या ११ पैकी तीन पुतणीच्या लग्नात गेली, चार रात्रपाळीत आणि बाकीची निव्वळ आळसात. तुमच्यातल्या दोघातिघांनी असाच उद्योग मांडलाय, म्हणून काय जमलं आणि काय फसलं ते लिहून टाकतो.

नव्यांसाठी थोडं. मी नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत वेल्डिंगच्या रोबोवर काम करतो, राहतो इंदिरानगरला. सायन्स फिक्शनमधली मारधाड हा शाळेपासूनचा नाद. परीक्षण हातानं लिहितो, एकच ए-फोर कागद, आणि सोसायटीच्या फळ्यावर लावतो, 'उद्या पाणी येणार नाही'च्या शेजारी. वाचणारे म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या काकू, वॉचमन, दहावीतली दोन पोरं, इस्त्रीवाले भाऊ आणि चेअरमनसाहेब (हे फक्त शुद्धलेखन बघतात). यांतल्या कुणालाही वर्महोलशी (अवकाशातल्या आडवाटेशी) देणंघेणं नाही. रविवारी पोरांना घेऊन जावं का, तिकिटाचे पैसे वसूल होतील का, एवढंच त्यांना कळायला हवं असतं.

जून-जुलै

पहिली पाच परीक्षणं म्हणजे पदार्थविज्ञानाचा तास. एका सिनेमात विसाव्या मजल्यावरून पडणाऱ्या नायिकेला उडता नायक जमिनीपासून हातभर वर झेलतो. मी लिहिलं: ६० मीटरवरून पडलेल्या माणसाचा वेग, हवेचा विरोध सोडला तर, ताशी १२० किलोमीटरच्या आसपास जातो. तो हातभर अंतरात शून्यावर आला, तर फरशीवर आपटणं आणि नायकाच्या पोलादी दंडांवर आपटणं यांत फारसा फरक नाही. गणित बरोबर होतं, दोनदा तपासलं होतं. काकूंनी जिन्यात गाठलं.

"अरे, मग ती वाचली का?"

"वाचली."

"मग झालं तर!"

राग आला होता. पण या जातीच्या सिनेमात विज्ञान वाकवतात हे सांगणं म्हणजे मिसळ तिखट आहे असं सांगणं. ते माहीत असूनच माणूस आत शिरतो.

मग दुसरं खूळ, ट्रिक सीनचं. 'द मॅट्रिक्स'वर (१९९९) अख्खा कागद भरला. गोळ्या चुकवायला नायक मागं वाकतो त्या सीनसाठी सुमारे १२० फोटोचे कॅमेरे एका वळणावर ओळीनं लावले, एकापाठोपाठ एक क्लिक केले आणि मधल्या जागा कॉम्प्युटरनं भरल्या, हे सगळं आकृतीसकट. वर आपल्या मातीचा अभिमान म्हणून फाळके आणले. त्र्यंबकला जन्मलेल्या या माणसानं १९१२ साली, भांडवल देणाऱ्याला पटवायला, कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ थोडी थोडी टिपून पडद्यावर भराभर वाढवून दाखवली होती. वेळेशी खेळायची युक्ती तेव्हापासूनचीच. इस्त्रीवाले भाऊ शांतपणे वाचून म्हणाले, "कॅमेरे मोजलेत छान. पिक्चर कसाय?"

ते मी लिहायलाच विसरलो होतो.

ऑगस्ट: मारुतीचं माप

स्टार द्यायचे नाहीत हे आधीच ठरलं होतं. साडेतीन का, चार का नाही, यावरून पार्किंगमध्ये भांडणं होतात. त्यात गंगापूर धरणातून विसर्ग सुरू झाला, गोदावरी फुगली आणि सगळं गाव नेहमीप्रमाणे एकच प्रश्न विचारायला लागलं: दुतोंड्या मारुतीच्या कुठवर आलं? घाटावरच्या या मूर्तीवरून नाशिककर पूर मोजतात. गुडघा, कंबर, छाती. मी तेच माप उचललं. घोट्याला म्हणजे आजीलाही न्या. गुडघ्याला म्हणजे चार मारामाऱ्या. छातीला म्हणजे कानात बोळे घालून जा. जोडीला सेन्सॉरचा शिक्का लिहायचा, कारण आता नुसतं यूए (पोरांनी पालकांच्या सल्ल्यानं बघावा असा) नसतं. २०२३ मध्ये सिनेमॅटोग्राफ कायदा बदलल्यापासून यूए ७+, यूए १३+ आणि यूए १६+ असे तीन भाग झालेत, आणि पोरांच्या आयांना तेवढाच आकडा वाचायचा असतो.

माप लोकांना एका आठवड्यात पाठ झालं. घोळ पुढं झाला. एका असह्य, कानठळ्या बसवणाऱ्या सिनेमाला मी वैतागून लिहिलं, 'मारुती बुडाला'. माझ्या मते ही सावधानतेची सूचना. शनिवारी अर्धी बिल्डिंग तो बघून आली. माझंच चुकलं. मारुती बुडाला म्हटल्यावर नाशिककर घरात बसतो होय? तो छत्री घेऊन होळकर पुलावर जातो.

म्हणून मापाला दुसरी ओळ जोडली: पाणी स्वच्छ की गढूळ. कोण कुणाला मारतंय, कुठून कुठं पळतंय, हे डोळ्यांना कळतं का? कळत असेल तर स्वच्छ. वर्षभरात सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट हीच, आणि ती चुकून सापडली.

गणपती उठल्यावर

आता मुख्य शोध. तो लागला कारखान्यात. आमचा रोबो सहा सांध्यांचा, ताकद भरपूर, पण कुंपणाचं दार उघडलं की जागच्या जागी थांबतो, आणि वाटेत काही आडवं आलं तर एरर देऊन उभा राहतो. नवीन पोराला मशीन शिकवताना हे काय करू शकतं ते आम्ही नंतर सांगतो. आधी सांगतो, याला काय जमत नाही. अपघात तिथंच होतात.

त्या रात्री 'टर्मिनेटर २' (१९९१) पुन्हा लावला. द्रव धातूचा तो खलनायक कुणाचंही रूप घेतो. मग तो सरळ बॉम्बच का होत नाही? सिनेमा स्वतःच सांगतो: बंदुकीत, बॉम्बमध्ये हलणारे भाग असतात, रसायनं असतात, ते त्याला जमत नाही. जमतात फक्त घन आकार, म्हणजे सुरे, भाले, आकडे. या एका वाक्यानं पुढची प्रत्येक मारामारी ठरते. त्याला जवळ यावंच लागतं, म्हणून बाकीच्यांना पळावंच लागतं, म्हणून ट्रक, मोटारसायकल, लिफ्ट. मी परीक्षणात एवढंच लिहिलं: 'याला बंदूक होता येत नाही, हे लक्षात ठेवा आणि बघा.' काकूंनी सिनेमा मोबाइलवर बघितला आणि दुसऱ्या दिवशी मलाच लिफ्टचा सीन समजावून सांगितला.

दहावीतल्या पोरानं मात्र पकडलं. पहिल्या भागात (१९८४) नियम असा की काळातून फक्त जिवंत मांस येऊ शकतं. म्हणून शस्त्र आणता येत नाही, आणि यंत्रालाही माणसाच्या कातडीत गुंडाळून यावं लागतं. "मग हा नुसत्या धातूचा कसा आला?" सिनेमात त्याचं उत्तर नाही. मी पुढच्या कागदावर तळाला त्याचा प्रश्न छापला, म्हणजे लिहिला. पोरगं आठवडाभर फळ्यासमोर घुटमळत होतं.

या दिवसांत सावानातून (सार्वजनिक वाचनालयातून) जयंत नारळीकरांच्या विज्ञानकथा पुन्हा आणल्या. २०२१ साली नाशिकला साहित्य संमेलन झालं तेव्हा ते अध्यक्ष होते आणि तब्येतीमुळे येऊ शकले नाहीत. मी तिकडे त्यांना बघायलाच गेलो होतो, हळहळत परत आलो. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी कथा पाठवली ती 'नारायण विनायक जगताप' या नावानं, आणि पहिलं बक्षीस मिळवलं. मीही दोन महिने परीक्षणाखाली नाव घातलं नाही. अक्षरावरून सगळ्यांनी ओळखलं.

दिवाळी: दुरुस्ती

ही कबुली द्यायलाच हवी. एका नव्या सिनेमाला 'गढूळ' लिहिलं, सगळे रात्रीचे सीन काळेमिट्ट म्हणून. महिनाभरानं मेहुण्याबरोबर तोच दुसऱ्या थिएटरात पाहिला, तर लख्ख! दोष पडद्यामागचा होता. थ्रीडी खेळासाठी प्रोजेक्टरवर बसवलेलं भिंग साध्या खेळाला तसंच ठेवलं तर बराच उजेड तिथंच मरतो. माझ्या खेळाला तसंच झालं असावं, नाहीतर दिवा जुना असेल. काहीही असो, मी सिनेमाला दोष दिला होता. जेवढ्या अक्षरात शिवी, तेवढ्याच अक्षरात दुरुस्ती लावली. तेव्हापासून अंधाराची तक्रार लिहिण्याआधी जाहिरातींकडे बघतो. त्याही काळ्या दिसल्या तर चूक दिग्दर्शकाची नव्हे. थ्रीडीचा चष्मा तर निम्म्याहून जास्त उजेड खातो, त्यामुळे परीक्षणापुरता मी साधाच खेळ बघतो.

जानेवारी

कट, म्हणजे एक शॉट संपून दुसरा सुरू होतो ती जागा, मोजायला लागलो. मोबाइलवर स्टॉपवॉच, हातात पेन्सिल, दर कटाला एक रेघ. समज अशी होती की कट जास्त म्हणजे पाणी गढूळ. 'मॅड मॅक्स: फ्युरी रोड'नं (२०१५) ती मोडली. दोन तासांत सुमारे २७०० कट, म्हणजे सरासरी शॉट पावणेतीन सेकंदांपेक्षाही छोटा. तरी काही निसटत नाही, कारण बघायची गोष्ट प्रत्येक शॉटमध्ये चौकटीच्या मधोमध ठेवलेली आहे. कट झाला तरी डोळ्याला शोधाशोध करावी लागत नाही. मी पडद्याच्या मध्यावर बोट धरून अर्धा तास बघितलं, बायको आत येऊन काही न बोलता परत गेली. निकाल: पाणी गळ्याशी, पण तळ दिसतोय.

मार्च: जुन्या 'रोबोट'वरून वाद

शंकर-रजनीकांतचा, २०१०चा. जमत नाही ते काय, हा प्रश्न मी त्याला लावला आणि सिनेमाचे दोन तुकडे पडले. पहिल्या भागातला रोबो वाट्टेल ते उचलतो, पण त्याला लाज ही गोष्ट कळत नाही. आगीतून तो आंघोळ करणाऱ्या मुलीला तशीच बाहेर, कॅमेऱ्यांसमोर आणतो. ती जिवाच्या आकांतानं रस्त्यावर धावते आणि गाडीखाली जाते. काम चोख झालंय, आणि जीव गेलाय. यंत्राची एवढी भीती मला दुसऱ्या कुठल्या मारधाडीत वाटली नाही. शेवटच्या भागात शेकडो रोबो एकमेकांना चिकटून चेंडू होतात, साप होतात. शिट्ट्या मीही मारल्या. पण ज्याला सगळंच जमतं त्याची भीती कशी वाटणार?

वॉचमनना हे अजिबात मान्य नाही. "साहेब, चेंडू बघायलाच तर गेलो होतो." त्यांचं म्हणणं मी कागदावर माझ्या मताशेजारी, तेवढ्याच जागेत लिहिलं. त्या आठवड्यात कागद कुणीतरी काढून घरी नेला, हा सन्मान समजतो.

न सांगता सांगण्याची कसरत 'एज ऑफ टुमॉरो'च्या (२०१४) वेळी झाली. नायक मेला की तोच दिवस पुन्हा सुरू. मग मरणाची भीती नसलेल्या माणसाची काळजी आपण का करायची? सिनेमाकडे उत्तर आहे, पण ते सांगितलं तर अर्धी मजा गेली. तीन कागद फाडले. शेवटी प्रश्न तेवढा लिहिला आणि खाली 'कमरेला, स्वच्छ'.

आता

अजून जमत नाही ते हिंदी डबिंगचं. सकाळच्या स्वस्त खेळाला इंग्रजी सिनेमे बरेचदा हिंदीतच मिळतात. एखादा विनोद पडला, तर तो मुळात फिका होता की भाषांतरात मेला, हे ठरवता येत नाही. तुमच्यापैकी कुणी दोन्ही भाषांत बघून ताळा करत असेल तर कसं करता ते कळवा. दोनदा तिकीट काढणं मला परवडत नाही.

गेल्या शुक्रवारी पुन्हा रात्रपाळी होती, कागद लागला नाही. शनिवारी सकाळी घरी येतो तर फळ्यावर कागद, अक्षर दुसऱ्याचं. काकूंचं. 'कमरेला. पाणी स्वच्छ. राक्षसाला पोहता येत नाही आणि शेवटपर्यंत ते विसरलेले नाहीत. नातवाला न्यायला हरकत नाही.' चार ओळी. चेअरमनसाहेबांनी लाल पेननं दोन वेलांट्या सुधारल्या होत्या.